अंदाजपत्रकात आहे, मग जमिनीवर का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुणे महापालिकेत अलीकडे समाविष्ट झालेल्या एका गावातल्या सोसायटीत तुम्ही राहता. टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या डोक्यावर बसलाय. ओळीने चार अंदाजपत्रकांत तुमच्या भागातली पाण्याची टाकी आणि ड्रेनेजची मुख्य लाइन दिसते, समोर कधी ५० लाख, कधी एक कोटी. एकदाही कुदळ पडलेली नाही. तेवढ्या काळात नाक्यावर कारंजं झालं, पेव्हर ब्लॉक दोनदा बदलले. तेव्हा कशाला आधी पैसे द्यायचे हे कोण आणि कशावरून ठरवतं, आणि पैसे नसतील तर महापालिका सरळ कर्ज का काढत नाही?

मी राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या महापालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ अंदाजपत्रक कक्षात. पुण्यात नोकरी केलेली नाही. पण मुंबईचा १८८८ चा स्वतंत्र कायदा सोडला, तर राज्यातल्या बाकी महापालिका १९४९ च्या एकाच अधिनियमावर चालतात. त्यामुळे फाइल सगळीकडे साधारण त्याच टेबलांवरून फिरते आणि साधारण त्याच टेबलांवर झोपते.

आधी एक गैरसमज. अंदाजपत्रकात नाव आलं की पैसे ठेवले, असं लोक धरून चालतात. तरतूद म्हणजे खर्च करायची परवानगी. तिजोरीत तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवलेली नसते. जमेचा अंदाज जेवढा फुगेल तेवढ्या परवानग्या वाटता येतात. आयुक्त एक अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात जमेच्या बाजूला काही कोटी वाढवते आणि त्या वाढीव जमेवर नवी कामं चढवते. तो वाढीव पैसा वर्षअखेरीला आलेला मी क्वचितच पाहिला. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात आढावा होतो, वसुली किती मागे आहे ते कळतं आणि 'नवीन निविदा काढू नयेत' असं परिपत्रक निघतं. ज्या कामाची वर्क ऑर्डर तोवर झालेली नाही ते त्या वर्षापुरतं संपलं.

आता तुमचे ५० लाख. टाकी, तिच्याकडे येणारी लाइन आणि वितरणाच्या वाहिन्या धरल्या तर काम सहज दहा-पंधरा कोटींत जातं. त्यासमोर ५० लाख ठेवायचे, याला आमच्याकडे 'लेखाशीर्ष (म्हणजे अंदाजपत्रकातली त्या कामाची ओळ) जिवंत ठेवणं' म्हणायचे. एखाद्या वर्षी ओळच गाळली तर पुढच्या वर्षी ते 'नवीन काम' ठरतं, पुन्हा सगळ्या मान्यता आल्या. म्हणून थोडे पैसे टाकून ओळ तगवायची. नगरसेवकालाही पान उघडून दाखवता येतं की बघा, तुमची टाकी आहे. हे ५० लाख बहुतेकदा मार्चच्या आधी वर्गीकरणाने दुसरीकडे जातात. वर्गीकरण म्हणजे एका कामाची तरतूद उचलून दुसऱ्या कामाला देणं. तुमच्या टाकीचे पैसे कारंज्याला गेले असतील असं मी म्हणत नाही. पण वर्गीकरणाचे ठराव काढून बघितलेत तर कुठे गेले ते छापील सापडेल.

शहर प्राधान्य कसं ठरवतं, याचं पुस्तकी उत्तर विकास आराखडा, विभागांच्या मागण्या, आयुक्तांची छाननी, मग स्थायी आणि मुख्य सभा असं आहे. प्रत्यक्षात पैसा वरून खाली गळत येतो आणि तुमच्या टाकीपर्यंत पोचेस्तोवर बरीच भांडी मध्ये लागलेली असतात.

सगळ्यात वर पगार, निवृत्तिवेतन, पंपिंगचं वीजबिल, कर्जाचे हप्ते. हा बांधील खर्च, याला हात लावता येत नाही. जकात गेली, २०१३ च्या सुमारास एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही गेला. त्याऐवजी राज्य सरकार २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून, त्यावर दरवर्षी आठ टक्के वाढ देऊन नुकसानभरपाई देतं. पूर्वी नाक्यावर रोज रोकड जमायची, आता महिन्याला मंत्रालयातून रक्कम येते. आमच्याकडे ती यायला चार दिवस उशीर झाला की पगारबिलाची फाइल घेऊन मी बँकेच्या शिल्लकेकडे बघत बसायचो. मध्यम महापालिकांची ही गत आहे. पुण्याची ऐपत बरीच मोठी, पण भांड्यांचा क्रम तोच.

त्याखाली न्यायालयाचे आणि हरित लवादाचे आदेश. दंडाची टांगती तलवार असली की फाइल एका दिवसात चार टेबलं ओलांडते. त्याखाली सरकारी योजनांमधला स्वतःचा हिस्सा, त्याचं पुढे सांगतो. मग दायित्व, म्हणजे मागच्या वर्षांत सुरू झालेल्या कामांची येऊ घातलेली बिलं. बाहेरच्या माणसाला हे भांडं दिसत नाही, पण सगळ्यात जास्त पाणी तेच पितं. आमच्याकडे एका वर्षी दायित्वाची यादी करायला घेतली तर ती त्या वर्षीच्या एकूण भांडवली तरतुदीच्या वर गेली. म्हणजे एकही नवीन काम न घेता वर्ष संपवलं असतं, तरी जुनी बिलं फिटली नसती. तरी त्या फेब्रुवारीत नवीन कामांच्या चारशेच्या वर ओळी अंदाजपत्रकात चढल्या. रात्री अकरा वाजता कामं मागणाऱ्या नगरसेवकांच्या लेटरहेडांचे गठ्ठे पुढ्यात, बाहेर तीन नगरसेवक चहा पीत उभे, आणि आत आमचा टायपिस्ट विचारतोय, 'साहेब, ही बाकडी कुठल्या कोडात टाकू?' प्राधान्यक्रम म्हणतात तो मी असा तयार होताना पाहिलाय. आणि या सगळ्यातून जे उरतं त्यात 'नवीन, गरजेचं, पण अजून सुरू न झालेलं' काम बसवायचं. तुमची टाकी त्या भांड्यात आहे.

सरकारी योजनेचा हिस्सा इतका वर का बसतो? कारण तिथे स्वतःचा एक रुपया घातला की दोन-तीन रुपयांचं काम होतं. डिसेंबर २००५ मध्ये जेएनएनयूआरएम ही केंद्राची शहरविकास योजना आली, तेव्हा दहा ते चाळीस लाख लोकसंख्येच्या शहरांना केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २०, स्वतःचे ३० असं गणित होतं. २०१५ मध्ये तिच्या जागी अमृत योजना आली, ऑक्टोबर २०२१ मध्ये अमृतचा दुसरा टप्पा. त्यात दहा लाखांवरच्या शहरांना केंद्राचा वाटा २५ टक्क्यांवर आला. तरी फुकटचे २५ टक्के कोण सोडेल? त्यामुळे कुठलंही शहर आधी दिल्ली-मुंबईत कुठली योजना चालू आहे ते बघतं आणि आपल्या गरजा त्या योजनेच्या साच्यात बसवतं. पाण्याची योजना असेल त्या वर्षी पाणी महत्त्वाचं, नदीची असेल तेव्हा नदी. हे बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही, पण माझ्या खुर्चीत बसलेल्या कोणीही हेच केलं असतं.

पण पैसा आला म्हणजे काम झालं, हेही खरं नाही, आणि याचं पुस्तकात घालावं असं उदाहरण तुमच्याच शहरात आहे. मुळा-मुठा नदी सुधारणेसाठी जायका या जपानच्या कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये करार झाला. प्रकल्प ९९०.२६ कोटींचा, ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. केंद्र ८५ टक्के देणार, महापालिकेला फक्त १५ टक्के, म्हणजे १४८ कोटी ५४ लाख. इतका स्वस्त पैसा मी तरी आयुष्यात बघितला नाही. मूळ मुदत जानेवारी २०२२ ची होती. प्रत्यक्षात काही केंद्रांच्या जागाच ताब्यात नव्हत्या, निविदांचे घोळ झाले आणि मुख्य कामाचा कार्यादेशच २०२२ मध्ये निघाला. पैसा सहा वर्षं दारात उभा होता.

माझ्या अनुभवाचं सार सांगायचं तर मोठं काम गरजेच्या क्रमाने निघत नाही, तयारीच्या क्रमाने निघतं. ज्या कामाची जागा ताब्यात आहे, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज) चालू दरसूचीने, म्हणजे सरकारी दरांच्या ताज्या यादीने, केलेलं आहे, रेल्वे, पाटबंधारे, महामार्ग अशा कोणाची परवानगी अडलेली नाही आणि पुढच्या वर्षांचं दायित्व मान्य झालेलं आहे, ते काम सुटतं. शेवटच्या अटीला पुण्यात '७२ ब' म्हणतात. एका वर्षात न संपणारं काम असेल तर पुढच्या वर्षांच्या खर्चालाही आधीच मंजुरी घ्यायची. वर्षाच्या मध्यात कुठूनतरी अनुदान येतं, 'तीन आठवड्यांत प्रस्ताव पाठवा' असं पत्र येतं, तेव्हा ज्याची फाइल तयार त्याचं नाव जातं. ज्याची टाकी अजून कोणाच्यातरी शेतात आहे, त्याचं जात नाही.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक टाक्या तिथेच अडतात. विकास आराखड्यात आरक्षण टाकणं सोपं, जागा ताब्यात घेणं अवघड. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला इतका वाढला की रोख देऊन जागा घ्यायची महापालिकांची हिंमत होत नाही. मग रोख रकमेऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (उरलेल्या जागेवर जास्त बांधकामाची मुभा) घ्या म्हणून मालकाची मनधरणी. मालक टीडीआरचा बाजारभाव बघतो आणि थांबतो. आराखड्यानंतर दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली तो नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. माझ्या पाहण्यातली एक टाकी सात-बाऱ्यावरच्या तीन भावांमुळे अकरा वर्षं रखडली. दोन भाऊ तयार होते. तिसऱ्याचा दोघांवर राग होता, आमच्यावर काहीच नव्हता. दर दोन वर्षांनी कनिष्ठ अभियंता बदलायचा आणि नवीन माणूस पुन्हा पहिल्यापासून तिन्ही घरी चहा प्यायचा.

दुसरी एक टाकी झाली. वीस लाख लिटरची, रंग देऊन, नाव घालून उभी. पण तिच्याकडे येणारी लाइन वेगळ्या लेखाशीर्षात होती आणि वाटेत रेल्वे ओलांडायची होती. टाकीचं बिल निघालं, लाइनच्या परवानगीचा पत्रव्यवहार चालूच राहिला. तीन वर्षं त्या टाकीत कबुतरं राहिली आणि खाली टँकर उभे राहायचे. सभेत एका सदस्याने विचारलं, 'ही टाकी आहे की स्मारक?' उत्तर द्यायला मीच उभा होतो. दोन्ही कामं एका मंजुरीत बांधली असती तर हे टळलं असतं, हे मला आज दिसतं. त्या वर्षी टाकीपुरतंच अनुदान होतं आणि ३१ मार्च जवळ आला होता, म्हणून मीही सही केली.

कारंज्याकडे येतो. त्यात कोणीतरी खाल्लंच असणार, हा तुमच्या प्रश्नातला सूर मला समजतो, आणि तसं झालंच नसेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण भ्रष्टाचाराशिवायही कारंजं आधी होतं. जागा महापालिकेची, परवानगी कोणाची नको, रक्कम क्षेत्रीय पातळीवर मंजूर होण्याइतकी, निविदा छोटी, काम दोन महिन्यांत आणि बिल मार्चच्या आत. पुण्यात नगरसेवकांच्या अशा कामांना 'स यादी' म्हणतात. नगरसेवकाला पाच वर्षांत काहीतरी दाखवायचं असतं, आणि तुमची टाकी त्याच्या कारकिर्दीत पुरी होईल याची त्याला खात्री नसते. पुण्यात नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला, तेव्हा ही वाटणी बदलेल असं अनेकांना वाटलं होतं. लेटरहेड बदलली, छोट्या कामांची ओढ तशीच राहिली.

आता कर्ज. महापालिकेला कर्ज काढता येतं, राज्य सरकारची मंजुरी लागते. रोखेही काढता येतात, म्हणजे बाजारातल्या गुंतवणूकदारांकडून ठरावीक व्याजाने पैसे घेता येतात. अहमदाबादने १९९८ मध्येच सरकारी हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले होते. पुण्याने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी उभे केले, ७.५९ टक्के व्याजाने, दहा वर्षांसाठी. टप्प्याटप्प्याने २,२६४ कोटी उभे करायचा बेत होता. पण २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख व्याज, काम चालू असो वा नसो. योजनेत ८२ टाक्या होत्या, आणि जागा व निविदांमुळे काम पैशाच्या गतीने पुढे गेलं नाही. पुढचे टप्पे लगेच न काढणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. खोदाई सुरू नसताना घेतलेलं कर्ज बँकेत पडून राहतं, आणि ठेवीवर मिळतं त्यापेक्षा व्याज जास्त जातं.

याला जोडून एक गंमत. केंद्राने रोख्यांसाठी प्रोत्साहन ठेवलं ते दर १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी, आणि तेही २०० कोटींच्या रोख्यांपर्यंतच. पिंपरी-चिंचवडनेही २०२३ मध्ये रोखे काढले ते नेमके २०० कोटींचे. शहराला किती लागतात यावरून हा आकडा येत नसावा, असा माझा अंदाज.

कर्जाचा निकष मी असा लावायचो: हप्ता कुठल्या उत्पन्नातून जाणार ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे. पुण्याच्या रोख्यांना मिळकतकराचं उत्पन्न एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त परतफेडीसाठी राखलेल्या खात्यात, बांधून दिलेलं होतं. आता तोच मिळकतकर बघा. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला १९७० पासून मिळणारी ४० टक्क्यांची सवलत मध्यंतरी गेली आणि २०२३ मध्ये परत आली, सगळ्यांना आनंद झाला. माझ्या बहिणीलाही झाला, ती पुण्यात राहते. त्याच महिन्यात तिने मला फोन करून विचारलं होतं की आमच्याकडे पाणी दिवसाआड का येतं. कर, पाणीपट्टी आणि टाकी यांचं नातं मी तिला समजावायचा प्रयत्न केला, मग विषय बदलला. कर वाढवायचा तर त्या वर्षीचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात, आणि निवडणूक जवळ असेल तर ती फाइल कोणी हातात घेत नाही.

तुमच्या बाबतीत बरंचसं उत्तर तुमचं गाव कधी आत आलं यावर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ च्या मध्यात आणखी २३. या २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून जुलै २०२१ मध्ये पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नेमलं गेलं. म्हणजे रस्ते, पाणी, ड्रेनेज महापालिकेने द्यायचं आणि बांधकाम परवानगीचं विकास शुल्क मात्र दुसऱ्या संस्थेकडे गेलं. त्या शुल्कावरच तर नव्या भागाची मुख्य लाइन बांधायची असते. तुम्ही या २३ पैकी असाल, तर 'पैसे नाहीत' हे उत्तर अगदीच खोटं नाही. शिवाय टाकी बांधली तरी ती भरायला पाणी कुठून आणणार, तेही मंजूर असावं लागतं. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची क्षमता मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यावर शेतीचाही हक्क आहे.

मग करायचं काय? मोर्चा काढू नका असं म्हणत नाही, पण आधी कागद मागवा. माहिती अधिकारात 'टाकी कधी होणार' असं विचारलंत तर 'निधी उपलब्धतेनुसार' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी टाकीच्या जागेची ताबा पावती मागा. पूर्वगणनपत्रक कुठल्या वर्षाच्या दरसूचीने केलंय आणि तांत्रिक मान्यता झालीय का, ते विचारा. त्या लेखाशीर्षाची मागच्या चार वर्षांची तरतूद, खर्च आणि वर्गीकरण मागा. टाकी आणि तिला पाणी देणारी लाइन एकाच मंजुरीत आहेत की दोन, हे विसरू नका, माझी कबुतरं आठवा. चारही उत्तरं वाचल्यावर काम पैशावर अडलंय की तयारीवर, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

जागेवर अडलं असेल तर आयुक्तांना निवेदन देऊन उपयोग नाही. भूसंपादन विभागात कोणाकडे फाइल आहे ते शोधा आणि जमलं तर जागामालकाला स्वतः भेटा. गावातलेच लोक असतात, सोसायटीवाल्यांनी आपणहून दार वाजवलेलं त्यांना वेगळं वाटतं. पूर्वगणनपत्रक जुनं असेल तर ते नव्या दराने करायला लावा. हे काम कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावरचं आहे, त्याला निधी लागत नाही. आणि सगळं तयार असून फक्त पैसे नसतील, तरच नगरसेवक, आमदार, सभा यांच्या मागे लागा. पत्र सप्टेंबर-ऑक्टोबरात द्या. फेब्रुवारीत आलेली पत्रं आमच्या टायपिस्टच्या गठ्ठ्यात जातात.

नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करायची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे, अर्ज भरून काम सुचवता येतं. ती छोट्या कामांसाठी आहे, टाकीसाठी नाही. दिवे, पदपथ, शाळेची भिंत यासाठी जरूर वापरा.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं की पूर्वगणनपत्रकाचं वर्ष आणि ताबा पावतीची तारीख एवढं कळवा. पुढचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते त्यावरून सांगतो.